चाळीस सव्वा पन्नास

त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं जायचं, तेवढंच. एरवी साऱ्या कारखान्यासाठी तो भागूबाई. चांगला उंचनिंच, झुपकेदार मिशांचा, हातापायानं दणकट गडी. पण कुत्रं भुंकलं की रस्ता बदलायचा, जिना उतरताना कठडा सोडायचा नाही, आणि घराला कुलूप लावून निघाला की कोपऱ्यावरून परत येऊन ते दोनदा ओढून बघायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ह्याच्यापाठी त्यांचं अख्खं कुटुंब होतं. "अहो, तुमची स्वतःची सावली तरी चालते का तुम्हाला बरोबर?" असं त्याची बायको विचारायची, आणि तो प्रामाणिकपणे म्हणायचा, "संध्याकाळी फार लांब होते गं, तेव्हा नाही चालत."

अशा माणसानं कंगव्यांच्या कारखान्यात, तेही तापखोल्यांवर, राखणदारी करावी हे लोकांना नवल वाटायचं. पण त्याला ते काम मिळालं ते भित्रेपणाच्याच जोरावर. तरुणपणी काम मागायला गेला तेव्हा म्हाताऱ्या मालकांनी एकच प्रश्न विचारला होता. "आगीची भीती वाटते का रे तुला?"

"खूप वाटते, मालक."

"मग उद्यापासून ये. इथं शूर माणसाचा उपयोग नाही."

आगीच्या भीतीला कारण होतं. तो लहान असताना त्याची आत्या चुलीपुढं वाकली होती, केसात नवा कोरा, कासवाच्या पाठीसारखा दिसणारा कंगवा खोचून. ठिणगी उडाली की नुसती धगच लागली कुणास ठाऊक, कंगवा फर्रकन पेटला. आत्या वाचली, पण कानापासून मानेपर्यंतची कातडी कायमची सुरकुतली. तो कंगवा सेल्युलॉइडचा होता. पुढं आयुष्यभर आपण त्याच पदार्थाच्या राशीपाशी उभं राहणार आहोत, हे तेव्हा त्या पोराला कुठून कळावं?

सेल्युलॉइड म्हणजे कापूस आणि कापूर. ऐकायला किती गरीब वाटतात दोघं! पण कापूस आधी तिखट आम्लात मुरवायचा, मग स्पिरिट घालून कापराबरोबर मळायचा, आणि त्या लगद्याच्या लाद्या करून त्यांचे पातळ तक्ते कापायचे. हे तक्ते ओले असतात. त्यांतलं स्पिरिट हळूहळू उडून जावं म्हणून ते आठवडेच्या आठवडे गरम खोलीत तारांवर टांगून ठेवायचे. त्या तापखोल्या. एका लांब बोळात ओळीनं तीन, जाड भिंतींच्या. छप्पर मात्र मुद्दाम हलक्या पत्र्याचं. काही झालंच तर भडका वर निघून जावा म्हणून. जमिनीलगत वाफेचे नळ, त्यांवर जाळी. दाराला तळहाताएवढी काच, काचेआड तापमापक. आणि दारावर लाल रंगात ठळक आकडा: ४०. पारा ह्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. एवढीच भागूबाईची नोकरी.

"कमी पडला तर तक्ते वाकतात," जुन्या राखणदारानं त्याला शिकवताना सांगितलं होतं. "जास्त झाला तर कापूर उडतो, तक्ते मेणासारखे मऊ पडतात. त्याच्याही वर गेला तर काय होतं, ते सांगायला अजून कुणी उरलेलं नाही."

तेव्हापासून तो दिवसभर तीन काचांमधून आत बघायचा. शिवाय त्याची स्वतःची एक खूण होती: दाराला गाल लावायचा. बरोबर असेल तर दार नुकत्या उठलेल्या माणसाच्या अंथरुणाएवढं ऊबदार लागायचं. पोरंसोरं हसायची, "भागूबाई दाराचा मुका घेतोय." हसू देत. असे बरेच मुके घेऊन त्याचा संसार झाला, मिशीत पांढरं दिसू लागलं, आणि त्याची मुलगी वयात येऊन त्याच कारखान्यात लागली. वरच्या मजल्यावर बायकांचा विभाग होता, कंगव्यांचे दात घासून त्यांना चकाकी देण्याचा. तापखोल्यांना लागूनच्या इमारतीत, खिडक्या बोळाच्या बरोब्बर डोक्यावर. ती तिथं लागली त्या दिवसापासून तो प्रत्येक काचेत दोनदा डोकावू लागला.

कारखान्यातले तापमापक फार जुने होते, यंत्रांबरोबर आलेले. त्यांच्यावर बर्फ शून्यावर वितळायचं हे खरं, पण पाणी उकळायचं ऐंशीवर. रेओम्यूरचे अंश म्हणतात त्यांना. एके काळी पाकवाले, दूधवाले, रंगवाले सगळे तेच वापरत. मग जग शंभराच्या अंशांवर गेलं, आणि सगळ्यात शेवटी हा कारखानाही गेला. जुने मालक वारले होते. नव्या मालकांनी एक तरुण इंजिनियर नेमला, त्यानं नवे तापमापक मागवले आणि बोळात सगळ्यांना गोळा करून समजावून सांगितलं.

"घाबरायचं काही नाही. जुन्या ऐंशीचे नवे शंभर. म्हणजे जुन्या आकड्याची सव्वापट केली की नवा. शाळेत सवायकी पाठ केली होती ना कुणी?"

सगळ्यांनी खाली बघितलं. भागूबाई मात्र न राहवून पुटपुटला, "चार सव्वा पाच."

"शाबास! मग चाळीस?"

"चाळीस सव्वा पन्नास."

"झालं तर. चाळीस पुसा, पन्नास लिहा."

रंगाऱ्यानं त्याच लाल रंगानं, त्याच जागी पन्नास काढले. इतके बेमालूम, की जणू कारखाना बांधला तेव्हापासून तिथं पन्नासच होते. भागूबाईच्या मात्र अंगावर काटा आला. इतकी वर्षं जो आकडा ओलांडायचा नाही म्हणून डोळ्यांत तेल घालून बसला, तो आता पार खाली राहिला होता. पहिल्या दिवशी पारा चाळीसवर आल्यावर त्याचा हात आपसूक वाफेच्या चाकाकडं गेला. त्रेचाळीसला त्याला घाम फुटला. सत्तेचाळीसला तो बोळात येरझाऱ्या घालत सवायकी म्हणत होता, एखाद्यानं अंधारात देवाचं नाव घ्यावं तशी. पन्नासला पारा थांबला, त्यानं दाराला गाल लावला. अंथरुणाची ऊब. तीच, रोजची. आकडा बदलला होता, ऊब बदलली नव्हती. तरी नुसत्या आकड्याची भीती जायला त्याला महिनाभर लागला.

ती गेली न गेली तोच त्याला ताप आला. डॉक्टरांनी काखेतली नळी उजेडाकडं धरून म्हटलं, "एकशे तीन."

भागूबाई अंथरुणात ताडकन उठून बसला. "शंभरला तर पाणी उकळतं!"

डॉक्टर हसले. "अहो, ही मोजपट्टी तिसरीच. ह्यात निरोगी माणूसच अठ्ठ्याण्णवच्या वर असतो."

"म्हणजे तुम्हाला अजून उकळी फुटली नाही म्हणायची," बायको कपाळावरची पट्टी बदलत म्हणाली. पण तो पडल्या पडल्या ह्या एकशे तीनचे नवे किती आणि जुने किती ते मांडत राहिला, आणि तापात ते आकडे कधी वर जायचे, कधी खाली यायचे, कधी एकमेकांच्या पाठीवर बसायचे. मुलगी कामावरून आली की तो पहिलं विचारायचा, "दारावर किती लिहिलंय?" ती कंटाळून म्हणायची, "बाबा, पन्नास. तुम्हीच तर सांगितलंत ना, पन्नास. झोपा आता."

त्याच आठवड्यात कारखान्यात नवा फोरमन आला. सज्जन माणूस होता, कामाचा, कुणाला वेडंवाकडं न बोलणारा. इंजिनियर दुसऱ्या गावच्या कामावर निघाला होता, गाडीत बसता बसता त्यानं फोरमनला सांगितलं, "तापमापक सगळे बदलून झालेत. काही दारांवरचे आकडे सव्वापट करायचे राहिलेत, तेवढे बघा." त्याच्या मनात होती मागच्या गोदामाची दारं. फोरमन बोळात आला आणि त्यानं तीन दारं पाहिली. उन्हाळे-पावसाळे खाल्लेल्यासारखे दिसणारे लाल पन्नास. जुनेच आकडे असणार हे! त्यानं कागदावर हिशेब केला, पन्नास सव्वा साडेबासष्ट, तो दोनदा तपासला, आणि जपून असावं म्हणून वरचा अर्धा सोडून दिला. संध्याकाळी रंगाऱ्यानं दारांवर बासष्ट काढले. हा रंगारी बदलीवर आलेला. त्याला सांगतील ते रंगवायचं एवढंच ठाऊक. भागूबाईच्या जागी तात्पुरता बसवलेला राखणदारही नवाच, त्यानं रात्री आकडा बघून वाफ वाढवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूबाई ताप उतरून कामावर आला. बोळात शिरला आणि पहिल्याच दारापुढं त्याचे पाय जमिनीला चिकटले.

६२.

डोळे चोळले. दुसरं दार बघितलं, तिसरं बघितलं. आधी त्याला आकड्याची नाही, स्वतःची भीती वाटली. ताप डोक्यात गेला की काय? पन्नास होते की बासष्ट? त्यानं बोटांवर मोजून बघितलं, चाळीस सव्वा पन्नास, आणि तरी खात्री होईना. काचेतून आत डोकावला. नवा चकचकीत तापमापक अठ्ठावन्न दाखवत होता, आणि पारा चढत होता. दारावर बासष्ट, आत अठ्ठावन्न. कागदोपत्री सगळं आलबेल.

त्यानं दाराला गाल लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. पण लगेच शंका आली: कालपर्यंत आपण तापलेलो होतो, आज अंग गार पडलंय. गार अंगाला कोमटही कढत लागतं. आपल्या गालावर आज विश्वास तरी कसा ठेवायचा?

बोळाच्या टोकाला फोरमन उभा होता. भागूबाई जवळजवळ धावतच त्याच्याकडं गेला.

"साहेब, हे बासष्ट कुणी लिहिलं?"

"मी. तुम्हीच का इथले राखणदार? बरं वाटतंय ना आता?"

"साहेब, तिथं पन्नास पाहिजे."

"होतेच की पन्नास. ते जुने अंश. नवे काढायला सव्वापट करायची." फोरमन समजावणीच्या सुरात म्हणाला. "पन्नास सव्वा किती?"

"साडेबासष्ट," भागूबाईच्या तोंडून निघून गेलं.

"मग? मी तर अर्धा कमीच धरलाय."

"पण पन्नास हेच नवे होते! चाळीसचे पन्नास केले होते साहेबांनी, माझ्यादेखत."

"मला तर जाताना सांगून गेले की राहिलेत म्हणून." फोरमनच्या कपाळाला आठी पडली, पण रागाची नव्हे. त्यानं आल्या दिवसापासून भागूबाईचे किस्से ऐकले होते. दोन वर्षांपूर्वी मावळतीचं ऊन काचेवर तांबूस पडलेलं बघून ह्या माणसानं आग आग म्हणून बोंब ठोकली होती. वरच्या बायका जिन्यावरून जीव मुठीत धरून पळाल्या, एकीचं मनगट मोडलं, आणि आत काय तर निवांत सुकणारे तक्ते. "असं करू," फोरमन म्हणाला, "मी कचेरीतून साहेबांना फोन लावून विचारतो. तोवर काही हलवू नका. आजच पातळ माल भरलाय तिसऱ्या खोलीत, मध्येच वाफ तोडली तर सगळा वाकेल."

तो कचेरीकडं गेला. कचेरी अंगणापलीकडं होती.

भागूबाई तिसऱ्या दाराच्या काचेला डोळा लावून उभा राहिला. एकसष्ट. कापराचा वास रोजच बोळात असायचा, पण आज तो नुसता नाकात नव्हता, घशात उतरत होता. काचेतून तारांवरचे तक्ते दिसत होते, दिव्याच्या उजेडात मधाच्या रंगाचे. पातळ माल. त्यातला भिंतीकडचा एक तक्ता त्याला जरा लांबलेला वाटला. त्यानं डोळे मिटले, उघडले. तक्ता खरंच लांबला होता. चिमट्याखाली तो दोरीवरच्या ओल्या धोतरासारखा ओघळत होता, आणि त्याचं खालचं टोक हळूहळू भिंतीकडं वळत होतं. जमिनीवरच्या नळांवर जाळी होती. भिंतीवरून वर चढणारा नळ मात्र उघडा होता.

काही हलवू नका असं सांगितलेलं. हलवलं आणि माल वाकला तर नोकरी गेली. नाही हलवलं तर? हातांनी त्याला विचारलंच नाही. वाफेचं मोठं चाक बोळातच होतं, ते त्यानं दोन्ही हातांनी फिरवलं, आवळलं, आणखी आवळलं. पुढं लोक म्हणायचे की भागूबाईनं त्या दिवशी धैर्य दाखवलं. धैर्य कसलं! नोकरी जाण्याच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी निघाली, इतकंच.

चाक बंद झालं तरी नळ काही लगेच गार होत नाही. तो परत काचेशी आला तेव्हा तक्त्याचं टोक नळाला टेकलं होतं. टेकलं, चिकटलं, आणि त्या जागी एक तपकिरी डाग उमटला. डागातून केसाएवढी बारीक धुराची रेघ निघाली, तीही तपकिरी.

त्याला ओरडायचं होतं, पण बोबडी वळली होती. आणि ती वळली हे बरंच झालं, कारण बायकांच्या खोलीचा जिना चढता चढता त्याला कळून चुकलं की आपण आग म्हणून ओरडलो तर वर कुणी जागचं उठणार नाही. लांडगा आला रे आला हे आपण आधीच एकदा करून बसलोय. तो दारात उभा राहिला. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना बाकांवर बायका, फिरती चाकं, हवेत कंगव्यांची पांढरी भुकटी. प्रत्येकीच्या पुढ्यात कंगव्यांचा ढीग. इतका जाळ एका खोलीत बसून गप्पा मारत होता. मधल्या बाकावर त्याची मुलगी.

"काय भागूबाई काका, आज कुठं लागली आग?" एकीनं विचारलं आणि खोली खळखळून हसली. मुलीनं लाजून मान खाली घातली.

त्याच्या तोंडातून काय निघालं ते त्याचं त्यालाही नवल वाटलं. "फोटो," तो म्हणाला. "नव्या फोरमन साहेबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलंय. फोटो काढायचाय. आत्ता. फोटोवाला थांबत नाही म्हणतोय."

चाकं थांबली. हसणं थांबलं. आणि मग साऱ्या बायकांनी एकदम केस विंचरायला घेतले.

कंगव्यांच्या कारखान्यात कंगव्यांना काय तोटा! कुणी वेणी सोडून पुन्हा घालायला बसली, कुणी दुसरीला पाठमोरी बसवून भांग पाडून द्यायला लागली, कुणी म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर धुतलेली साडी नेसून आले असते." भागूबाई दारात उभा राहून त्यांच्याकडं बघत होता. खालून काही ऐकू येतंय का म्हणून त्याचे कान ताठ झाले होते, आणि बायका केस विंचरत होत्या. छातीत कुणीतरी लोहाराचा घण घालत होतं, आणि बायका केस विंचरत होत्या. तो म्हणत होता, "छान दिसताय, सगळ्या छान दिसताय, चला," आणि हसू तोंडावर आणायचा प्रयत्न करत होता. ते हसू इतकं भयाण होतं की मुलीनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. ती बापाला ओळखत होती. खोट्या भीतीनं तो ओरडायचा. हसताना तिनं त्याला कामावर कधी पाहिलं नव्हतं.

तिनं कंगवा टाकला. "चला गं," ती मोठ्यानं म्हणाली, "जी आधी पोचेल ती पुढच्या रांगेत, उशिरा येईल तिचं नुसतं डोकं येणार फोटोत!"

मग मात्र झुंबड उडाली. बाहेरच्या जिन्यानं त्या भराभर उतरल्या, आणि सगळ्यात मागं बापलेक. ते अंगणात पोचले तेव्हा बायका फोटोवाला शोधत होत्या. तेवढ्यात एखादं भलंमोठं कापड टर्रकन फाटावं तसा आवाज झाला. तिसऱ्या खोलीचं पत्र्याचं छप्पर पतंगासारखं वर उडालं, आणि त्याच्यामागून पिवळा जाळ सरळ आभाळाकडं निघाला, फुत्कार टाकत. पाठोपाठ तपकिरी, घसा जाळणारा धूर. बायकांच्या किंकाळ्या, धावपळ, पाण्याचे नळ. जाड भिंतींनी आपलं काम केलं. शेजारच्या खोल्या पेटल्या नाहीत.

भागूबाई बायका मोजत होता. मुलीचा दंड त्यानं इतका घट्ट धरला होता की नंतर कितीतरी दिवस तिथं बोटांचे वळ होते. सगळ्या होत्या. तेवढ्यात कचेरीतला कारकून धावत आला. "फोरमन साहेब कुठंयत? फोन लागला नाही म्हणून ते परत बोळातच गेलेत!"

भागूबाईला उमगलं. चाक बंद केलेलं त्यांनी बघितलं असणार. आत काय झालंय म्हणून ते काचेशी गेले असणार. तो बोळाच्या दारापर्यंत धावला. खरंच धावला. पण उंबऱ्याशी धुराची भिंत उभी होती, आणि तिथं त्याचे पाय थांबले ते थांबलेच. त्यानं पायांना शिव्या दिल्या, हातानं मांडी उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलेना. बॉयलरवरचा भट्टीवाला तोंडाला ओलं फडकं बांधून त्याच्या अंगावरूनच आत गेला, आणि फोरमनला काखेत धरून फरफटत बाहेर घेऊन आला. काच फुटून तोंडावर आली होती. हात कोपरापर्यंत भाजले होते.

फोरमन वाचला. एका डोळ्याला मात्र पुढं कायमचं अंधुक दिसायचं. भागूबाई त्याला भेटायला दवाखान्यात गेला तो बऱ्याच दिवसांनी, म्हणजे धीर गोळा झाल्यावर. फोरमनचे दोन्ही हात गाठोड्यासारखे पांढऱ्या पट्ट्यांत होते.

"साहेब येऊन गेले," फोरमन म्हणाला. "रडले. म्हणाले, गोदामाची दारं असं म्हणायला हवं होतं मी. मी म्हटलं, मी विचारायला हवं होतं. दोघंही तेच तेच बोलत बसलो." आणि पुढं म्हणाला, "मी हिशेब परत परत करतो मनात. कुठं चुकत नाही हो."

"नाहीच चुकला," भागूबाई म्हणाला. "साहेबांचाही नाही चुकला. दोनदा झाला, एवढंच."

"तुम्ही आला होतात का आत, माझ्यासाठी?"

भागूबाईला खोटं बोलता आलं असतं. "दारापर्यंत आलो. पुढं पाय उचलेना."

"बरं झालं," फोरमन म्हणाला. "दोघं पडलो असतो, तर भट्टीवाल्यानं एकालाच ओढलं असतं."

चौकशी झाली, आणि त्यानंतर दारांवर नुसता आकडा राहिला नाही. त्याच्याखाली 'नवे अंश, बदलू नये' असं लिहिलं गेलं. तिसरी खोली पुन्हा बांधली, भिंतीवरच्या नळालाही जाळी लागली. मालकांनी भागूबाईला बोलावून शाबासकी दिली आणि विचारलं, काय पाहिजे ते माग. त्यानं तापखोल्यांवरून सुटका मागितली. त्याला फाटकावर नेमलं. तिथं ऊन होतं, वारा होता, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकायचा होता, आणि काही म्हणता काही पेटण्यासारखं नव्हतं. बायकोला वाटलं, आता माणूस माणसात येईल.

तापखोल्यांवर त्याच्या जागी एक तरुण गडी आला. हुशार, चपळ, हसतमुख. बोळातून चालताना तो शीळ घालायचा. फाटकावर वारा तिकडून आला की ती शीळ भागूबाईला ऐकू यायची, आणि तो फाटक सोडून बोळाच्या दिशेनं दोन पावलं टाकायचा. शीळ घालणारा माणूस दाराला गाल कशाला लावेल? वर मुलगी बाकावर बसलेली. नव्या आयांनी, नव्या सुनांनी भरलेली ती खोली. तो सलाम विसरू लागला, फाटक उघडं ठेवू लागला, दुपारचा डबा तसाच घरी आणू लागला.

एके दिवशी तो आपणहून मालकांपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला परत आत घ्या."

"अरे, तुला तर तिथं भीती वाटते ना?"

"वाटते, मालक. पण इथं जास्त वाटते."

ते ऐकून बायकोनं कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी त्याच्याबरोबर निघाली, कोपऱ्यावर तो कुलूप बघायला मागं फिरला तेव्हा मुकाट्यानं थांबली, आणि कारखान्याच्या अंगणात दोघं आपापल्या वाटेनं गेली. ती जिन्यानं वर, तो बोळात. पहिल्या दाराशी पारा एकोणपन्नासवर होता. भागूबाईनं तो वाचला, पुन्हा वाचला, दाराला गाल लावला, आणि दुसऱ्या दाराकडं निघाला.